पोलादाचं बीड होताना

१९१८च्या मार्च महिन्यात उत्तर फ्रान्समधल्या क्रेपी गावाजवळच्या जंगलात जर्मनांनी एक तोफ उभी केली. तिथून पॅरिस सुमारे १२० किलोमीटर. तोफेची नळी तीस मीटरहून लांब होती. स्वतःच्या वजनाने ती वाकू नये म्हणून झुलत्या पुलाला असतो तसा ताणांचा सांगाडा तिच्या पाठीवर बसवावा लागला होता. २३ मार्चच्या सकाळी पॅरिसमध्ये स्फोट होऊ लागले, तेव्हा लोकांनी मान वर करून आभाळात विमान शोधलं. विमान नव्हतं. शंभर किलोंहून जड गोळा वातावरणाच्या विरळ थरांतून चाळीस किलोमीटर उंचीचा फेरा मारून शहरात पडत होता.

या तोफेच्या पल्ल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र तिच्या गोळ्यांनी वेड लावलं. प्रत्येक गोळ्यावर क्रमांक होता, १ ते ६५. ते त्याच क्रमाने डागायचे, कारण दुसरा गोळा पहिल्यापेक्षा किंचित जाड होता, तिसरा दुसऱ्यापेक्षा किंचित जाड, आणि असंच पुढे पासष्टाव्यापर्यंत. दर बाराला नळीच्या आतलं इतकं पोलाद जायचं, की आधीच्या मापाचा गोळा पुढच्या वेळी तिच्यात सैल बसला असता. आग दर खेपेला किती पोलाद खाणार हे कुणीतरी आधी कागदावर मोजलं होतं आणि त्या भुकेच्या मापाने पासष्ट गोळे कातून ठेवले होते. पासष्ट झाले की नळी उतरवायची, आतून पोखरून रुंद करायची, आणि नव्या मापाच्या गोळ्यांची नवी मालिका सुरू करायची. (याच जातीच्या तोफांचा एक गोळा त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला सेंट जेर्व्हे चर्चवर पडला आणि प्रार्थनेला जमलेली ऐंशीहून अधिक माणसं गेली. पुढची सगळी चर्चा धातूची आणि वायूंची आहे. तरी ही यंत्रं कशासाठी होती, हे लिहिताना माझ्या डोळ्यांआड होत नाही.)

आता एक छोटा हिशेब. गोळा सुटायला लागल्यापासून नळीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंतचा वेळ या तोफेत साधारण सेकंदाचा पंचविसावा भाग. पासष्ट बारांचे मिळून अडीच-तीन सेकंद. कारखान्यात महिनोन्‌महिने घडवलेल्या त्या नळीचं प्रत्यक्ष कामाचं आयुष्य एवढंच. ही तोफ टोकाची होती हे खरं. पण ब्रिटिश आरमाराची नावाजलेली १५ इंची तोफ घ्या. पूर्ण भाराचे साधारण ३३५ बार झाले की तिची आतली नळी बदलायची वेळ येई. दर बाराला सेकंदाचा तिसावा भाग धरला तर एकूण अकरा सेकंद. पाच-सहा हजार गोळ्या झाडून झिजलेली जुनी रायफल घ्या. दर गोळीला दीड-दोन हजारांश सेकंद धरा. बेरीज पुन्हा दहाच्या आसपास. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा आकडे तीनदा तपासले. पोलादासारखी वस्तू दहा सेकंदांत म्हातारी होते!

हे पोलाद जातं कुठे? घासून जात असेल, असं आपल्याला आधी वाटतं. जड गोळा, त्यावर घट्ट बसलेला तांब्याचा पट्टा, आणि नळीच्या आत पिळाने कोरलेले चर. घर्षण तर असणारच. पण झिजलेली नळी आतून मोजली की एक विचित्र गोष्ट दिसते. घर्षण हे मुख्य कारण असतं तर सर्वांत जास्त झीज तोंडाशी दिसली असती, कारण गोळा तिथे सर्वांत वेगात असतो. प्रत्यक्षात सर्वांत जास्त झीज दुसऱ्या टोकाला असते. जिथे दारू भरतात त्या कोठीच्या लगेच पुढे, चर जिथे सुरू होतात तिथे. त्या जागी गोळा नुकता कुठे हलू लागलेला असतो. वेग जवळजवळ शून्य. मात्र वायू सर्वांत दाट आणि सर्वांत तप्त तिथेच असतो. गुन्हेगाराचा माग तिथेच लागतो. पोलाद आग नेते. आणि आग कशापासून पेटवली आहे, दारूत काय कालवलं आहे, त्यावर ती किती नेणार हे ठरतं.

बार होतो तेव्हा नळीत दोन ते साडेतीन हजार अंश सेल्सियस तापमानाचा वायू हवेच्या दाबाच्या काही हजार पट दाबाने भिंतीवर रगडला जातो. लोखंड १५३८ अंशांना वितळतं. मग सगळी नळीच का वितळत नाही? कारण वेळ मिळत नाही. चुलीवरच्या तव्यावरची भाकरी हाताने उलटणाऱ्या बाईची बोटं भाजत नाहीत ती याच कारणाने. आच आत शिरण्याआधी स्पर्श संपलेला असतो. पाच हजारांश सेकंदांत उष्णता पोलादात जेमतेम पाव मिलिमीटर खोल पोचते. पण त्या पातळ सालीला जे भोगावं लागतं ते भयंकर आहे. पृष्ठभाग एका झटक्यात हजार अंशांच्या वर जातो, आणि वायू निघून जाताच मागचं थंड, जाड पोलाद त्याची सगळी उष्णता ओढून घेतं. लोहार कोयता लालबुंद तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण हत्याराला पाणी देणं म्हणतो. तोफेची नळी दर बाराला स्वतःच स्वतःला पाणी देते. पाण्याचं काम तिचंच मागचं पोलाद करतं. पाणी दिलेलं पोलाद कडक होतं आणि ठिसूळही होतं. तापताना फुगणं आणि निवताना आक्रसणं या ओढाताणीत त्या ठिसूळ सालीला भेगा पडतात. वापरलेल्या नळीत दुर्बीण घालून पाहिलं तर मे महिन्यात आटलेल्या तळ्याचा तळ दिसावा तशी भेगांची जाळी दिसते. पुढच्या बाराचा वायू त्या भेगांत शिरतो, कडा खातो, आणि भेगांमधली ढलपी उचकटून नेतो.

शेकडो वर्षं हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. तिची आग दोन हजार अंशांच्या आसपास, आणि दाबही आजच्या मानाने बेताचा. शिवाय ती जळली की तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. तो धूर आणि राख म्हणून उरतो. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी १८७५मध्ये बंद पोलादी भांड्यांत दारू पेटवून हे मोजलं होतं. लढाईच्या चित्रांत पांढऱ्या धुराचे लोट असतात, ते म्हणजे हा न झालेला वायू. १५४९ साली त्या वेळच्या अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान आज विजापुरात उभी आहे, जंजिऱ्यावर कलाल बांगडी आहे. अशा तोफांचा मोठा शत्रू नळीतल्या आगीपेक्षा बाहेरची हवा होता. काळ्या दारूची राख ओल धरते आणि गंज आणते, म्हणून बारानंतर लोखंडी तोफ धुवावी लागे.

तरी त्या तोफांतही एक जागा भराभर झिजायची. तोफेचा कान. बत्ती देण्याचं ते बारीक छिद्र. शत्रूची तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळा ठोकत, हे आपण बखरींपासून वाचत आलो आहोत. बार होताना थोडा वायू त्या अरुंद कानातून जोरात सुटायचा आणि छिद्र रुंदावत जायचं. एकोणिसाव्या शतकातल्या तोफांच्या कानात तर बदलता येणारी तांब्याची नळी बसवलेली असे. तप्त वायू अरुंद वाटेने काढला की तो धातू खातो, हे कान सांगतच होता. पुढे फ्रान्समध्ये पॉल व्हिएय आणि इंग्लंडमध्ये नोबल यांनी याच गोष्टीचं मोजमाप केलं. जाड पोलादी भांड्यात दारू पेटवायची, वायूला पोलादाच्या ठोकळ्यातल्या बारीक भोकातून बाहेर सोडायचं, आणि ठोकळ्याचं वजन किती घटलं ते तराजूवर पाहायचं. मला हा प्रयोग फार आवडतो. तोफ न डागता, तराजूच्या काट्यावर, कुठली दारू जास्त खादाड आहे हे कळतं.

या मोजमापाची निकड भासली, कारण तोवर दारूच बदलली होती. १८८४च्या सुमारास याच व्हिएयने बिनधुराची दारू बनवली. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाचा संस्कार झालेला कापूस. मग १८८७मध्ये आल्फ्रेड नोबेलने त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट आणलं. १८८९मध्ये एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी इंग्लंडसाठी त्याच कुळातली दारू केली. ती सुतळीसारख्या दोऱ्यांच्या रूपात काढत, म्हणून तिचं नाव कॉर्डाइट. नीलगिरीत कुन्नूरजवळ अरुवनकाडूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी उभारलेल्या कारखान्याच्या पाटीवर ते नाव अजून आहे.

पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के नायट्रेट केलेला कापूस, आणि उरलेले ५ टक्के व्हॅसलीन! ओठांना लावतो तीच पेट्रोलियम जेली. ते का घातलं? काळ्या दारूची राख नळीला आतून एक लेप देत असे. नवी दारू जळून नुसता वायू होणार, नळी कोरडी पडणार, गोळीचा धातू तिला चिकटणार, म्हणून थोडं वंगण असावं, असा त्यामागचा विचार होता. आता इतक्या आगीत व्हॅसलीन वंगण म्हणून उरणार कुठून? ते जळून जायचं. पण त्याने न सांगितलेली दोन कामं केली. साठवणीत दारू हळूहळू कुजते, त्यातून निघणारी आम्लं त्याने शोषून घेतली आणि दारू टिकाऊ केली. शिवाय ते जळताना आगीतला ऑक्सिजन स्वतः घेऊन तिचं तापमान थोडं उतरवत होतं. हे व्हॅसलीन ध्यानात ठेवा. ते पुन्हा भेटणार आहे.

कॉर्डाइट इतकं तापतं का, हे समजून घ्यायला ऑक्सिजनची वाटणी पाहावी लागते. बंद नळीत बाहेरची हवा येत नाही. दारूतला कार्बन आणि हायड्रोजन जळायला लागणारा ऑक्सिजन दारूनेच शिदोरीसारखा बरोबर आणलेला असतो. नायट्रोसेल्युलोजची शिदोरी अपुरी पडते. त्यातला बराच कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडवर थांबतो. वारा कोंडलेल्या शेगडीत कोळसे धुमसावेत तसं. नायट्रोग्लिसरीनचं उलट आहे. स्वतः पूर्ण जळूनही त्याच्याकडे थोडा ऑक्सिजन उरतो, आणि तो उरलेला ऑक्सिजन ते शेजारच्या उपाशी कापसाला देतं. मग मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो, शेगडीला फुंकर मिळते, आणि तापमान भडकतं. मिश्रणात नायट्रोग्लिसरीन जितकं जास्त, तितकी आग पूर्ण आणि तप्त.

त्याची किंमत आधी एका रायफलीने मोजली. १८८८मध्ये ब्रिटिशांनी ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली होती. विल्यम मेटफर्डने तिच्या नळीतले चर मुद्दाम उथळ आणि गोलसर कडांचे ठेवले होते, कोपऱ्यात काळ्या दारूची राख साचू नये म्हणून. रचना अगदी विचारपूर्वक होती. फक्त ती ज्या दारूसाठी होती ती दारू दोन-चार वर्षांत गेली आणि काडतुसात कॉर्डाइट आलं. ते उथळ, हळुवार चर त्या आगीपुढे टिकेनात. १८९५मध्ये एनफिल्डच्या कारखान्याने पाच खोल, चौकोनी कडांचे चर असलेली नळी बसवली आणि रायफलीचं नाव झालं ली-एनफिल्ड. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तिची काडतुसं बनत. बंदुकीच्या नावातला शब्द बदलला आणि तिच्या पोटातल्या रेषांचा आकार बदलला, ते दारूचं मिश्रण बदललं म्हणून.

दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ चाललेल्या बोअर युद्धात तोफांनीही हीच तक्रार केली, आणि १९०१मध्ये कॉर्डाइटचं मिश्रण उलटवलं गेलं. नायट्रोग्लिसरीन ५८वरून ३० टक्क्यांवर, कापूस ६५ टक्क्यांवर. व्हॅसलीनचे ५ टक्के तसेच. आग थंडावली, नळ्या जास्त जगू लागल्या. बदल्यात तोच गोळा तितकाच लांब फेकायला दारू थोडी जास्त भरावी लागली.

इथे कुणीही विचारेल, आग थंड केली तर जोर कमी होणारच ना? मीही बराच काळ तसंच समजत होतो. पण वायूचा दाब दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: रेणू किती आहेत, आणि ते किती तापलेले आहेत. संध्याकाळी सहाच्या लोकलच्या दारात चार आडदांड माणसं रागाने ढकलतात, किंवा चाळीस साधी माणसं नुसती पुढे सरकतात. आत ढकलले तर आपण दोन्ही वेळा जातो. तसंच इथे. एक ग्रॅम दारूतून जड कार्बन डायऑक्साइडचे रेणू निघाले तर ते संख्येने कमी भरतात. हलके हायड्रोजन, मोनॉक्साइड आणि नायट्रोजन निघाले तर तेवढ्याच ग्रॅममधून कितीतरी जास्त रेणू मिळतात. तापमान उतरलं तरी गर्दी वाढल्याने धक्का बऱ्याच अंशी भरून निघतो. दारू रचणाऱ्यांची सगळी कारागिरी या तराजूवर चालते. आणि त्यात अडचण अशी, की तापमान थोडं वाढलं तरी झीज पटीपटीने वाढते.

म्हणजे थंड आग लावली की झालं? इतकं सोपं असतं तर मी हा लेख लिहायला बसलोच नसतो. थंड आगीतले वायूही निरागस नाहीत.

अर्धवट जळलेल्या दारूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. तप्त लोखंडाला हा वायू भेटला की तो आपला कार्बन लोखंडाला देतो. लोखंडात कार्बन मुरला की ते काय होतं, हे आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. त्याचं बीड होतं. घावनाचा, आंबोळीचा तो काळाभोर जड तवा. बीड ओतीव का असतं? कारण ते लवकर वितळतं, साच्यात ओतता येतं. शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. चार टक्क्यांच्या थोडा वर कार्बन मिसळला की तेच लोखंड ११५० अंशांच्या आसपास पातळ होतं. जवळजवळ चारशे अंशांची उतरण. नळीच्या आतल्या सालीचं तापमान बाराच्या क्षणी हजाराच्या वर जातं हे आठवा. पोलाद म्हणून ती साल टिकली असती. पण वायूने तिच्यात कार्बन मुरवला आणि तिची बिडासारखी साल केली. मग तीच साल त्याच आगीत वितळून वाऱ्याबरोबर निघून जाते. खालचं ताजं पोलाद उघडं पडतं आणि पुढच्या बाराला त्याचं बीड होऊ लागतं. लोहाराच्या भट्टीत हजारो वर्षं जे घडत आलं आहे, ते इथे काही हजारांश सेकंदांत, एखाद्या साबणाच्या फुग्याइतक्या पातळ थरात घडतं. मला या सगळ्या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. आग नुसती वितळवत नाही. वितळवण्याआधी ती पोलादाची जात बदलते.

हायड्रोजनचा वाटाही लहान नाही. तो एवढा बारीक, की पोलादाच्या कणांमध्ये शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो, भेगांना मदत करतो. ऑक्सिजन असलेले वायू, पाण्याची वाफ आणि डायऑक्साइड, पृष्ठभागाचा गंज करतात.

या सगळ्यांत नायट्रोजन वेगळा. आणि इथे दारूच्या मिश्रणातला तिसरा गडी येतो, नायट्रोग्वानिडीन. पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक, वजनाच्या निम्म्याहून जास्त नायट्रोजन. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि युद्धात ब्रिटन व जर्मनी दोघांनी ते कापूस आणि नायट्रोग्लिसरीनबरोबर कालवलं. ब्रिटिशांच्या अशा कॉर्डाइटमध्ये निम्म्याहून अधिक भाग त्याचाच. मुख्य हेतू होता रात्री तोफेच्या तोंडाशी उठणारा भडका लपवणं. पण ही आग थंडही होती आणि रेणूंची गर्दीही मोठी होती, त्यामुळे नळ्यांचं आयुष्य वाढलं. पुढच्या अभ्यासांतून असंही दिसत गेलं, की फायदा निव्वळ थंडाईचा नसावा. नायट्रोजन पोलादाच्या पृष्ठभागात जाऊन बसतो, नायट्राइडचा थर करतो, आणि कार्बनला शिरायला जागा कमी ठेवतो. याची उलटतपासणी आरडीएक्सने केली. १९९३च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनी ज्याचं नाव घराघरात पोचवलं तेच आरडीएक्स. रणगाड्याला शत्रूचा गोळा लागला तरी आतली दारू चटकन पेटू नये म्हणून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत काही दारूंत ते प्लास्टिकसारख्या बांधणीत घालून पाहिलं गेलं. त्यांच्या तापमानावरून जेवढी झीज अपेक्षित होती त्याहून जास्त निघाली. थर्मामीटर पुरेसा नाही, वायूंची यादीही पाहावी लागते, हे त्या नळ्यांनी दाखवलं.

तांब्याची एक छोटी गोष्ट राहून जायला नको. गोळ्याभोवतीचा तांब्याचा पट्टा घासून नळीत तांबं चिकटतं आणि साचतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दारूबरोबर थोडं कथील किंवा शिसं ठेवायची युक्ती निघाली. आगीत कथलाची वाफ होते, ती चिकटलेल्या तांब्यात मुरते, तांबं ठिसूळ होतं आणि पुढचा गोळा ते झाडून नेतो. तांब्याच्या पातेल्याला कल्हई लावताना कथील कसं सरसर पसरतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या दोन धातूंची ओढ वेगळी सांगायला नको. कल्हईवाल्याला ते चिकटून राहायला हवं असतं, तोफखान्याला निघून जायला.

आता व्हॅसलीनकडे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रणगाड्यांच्या १०५ मिलिमीटर तोफा फार तप्त दारूने फार वेगवान गोळे डागत होत्या. आपल्या विजयंता रणगाड्यावरची तोफ याच घराण्यातली. त्या नळ्यांची झीज भारी होती. तेव्हा स्वीडनमधून एक उपाय आला, आणि तो ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. मेण आणि टायटॅनियम डायऑक्साइड कालवायचं, त्याचा थर कापडावर द्यायचा, आणि ते कापड काडतुसाच्या आतून, दारूच्या भोवती, गोळ्याच्या जवळच्या भागात गुंडाळायचं. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या रंगाला पांढरेपणा देणारी पूड. मेण तर मेणच. दारूत काहीही न बदलता नळीची झीज इतकी उतरली, की पुढे अनेक नळ्या झिजेमुळे निवृत्त होईनाशा झाल्या. झटके सोसून सोसून पोलाद थकलं, आतल्या भेगा खोल गेल्या, की मग त्या काढाव्या लागत. मरणाचं कारणच बदललं. मागाहून अमेरिकेत टायटॅनियमच्या महाग पुडीऐवजी टाल्क, म्हणजे टाल्कम पावडरीतला मऊ दगड, मेणात घालूनही काम भागलं.

हे चालतं कसं, यावर तज्ज्ञ बरीच वर्षं वाद घालत आले. ढोबळ चित्र असं आहे. वायूचा लोट भिंतीलगत धावतो, तिथे त्याचा एक पातळ, तुलनेने संथ थर असतो. मेण उकळून त्या थरात मिसळतं, फुटतं, आणि फुटताना उष्णता खातं. त्यामुळे मधला वायू तीन हजार अंशांवर असला तरी भिंतीला लागून धावणारा थर कितीतरी थंड राहतो. पांढरी पूड भिंतीवर बसून आच अडवते. मधल्या आगीचा जोर तसाच, कडेला मात्र सावली. एबल आणि ड्यूअरनी १८८९मध्ये सगळ्या दारूत तेलकट पदार्थ कालवून जी आशा धरली होती, ती सत्तर वर्षांनी मेण फक्त कडेला ठेवल्यावर पुरी झाली. चिकट, ओशट, स्वयंपाकघरातल्यासारखी वस्तू आणि तोफेचं पोलाद यांचं हे नातं मला कधी जुनं वाटत नाही.

पुण्यात पाषाणला एआरडीई ही संस्था आहे. १५५ मिलिमीटर व्यासाची, आठ मीटर लांब नळीची ॲटॅग्ज तोफ तिथे रचली गेली. त्याच पाषाणमध्ये, सुतारवाडीच्या बाजूला, एचईएमआरएल आहे. तिथे तोफेची दारू रचतात. एका ठिकाणी नळी, दुसऱ्या ठिकाणी आग. अशा तोफेत आता दारू डब्यांसारख्या तुकड्यांत भरतात. लक्ष्य जवळ असेल तर थोडे डबे, लांब असेल तर जास्त. दर बाराची नोंद होते, आणि ती नुसती ‘एक’ अशी मांडत नाहीत. पूर्ण भाराचा बार एक पूर्णांक धरतात, आणि कमी डब्यांचा बार त्याचा अगदी छोटा अंश, कारण निम्म्या दारूने झीज निम्म्याहून फार कमी होते. ठरलेल्या मुदतीने मापक नळीत सरकवतात, चर सुरू होतात त्या जागेपाशी थांबवतात, आणि व्यास किती वाढला ते लिहून घेतात. पुढचा गोळा किती वेगाने सुटेल, हे तोफखान्याचा गणिती त्या आकड्यावरून काढतो. फक्त आता जाड होत जाणारे पासष्ट गोळे कातत बसावं लागत नाही.